फोरग्राउंडला दाजी

लँडस्केपमध्ये खोली आणायची तर पुढ्यात काहीतरी हवं, असं फोटोग्राफी शिकवणारा प्रत्येकजण सांगतो. खडक, झुडूप, वठलेलं खोड. म्हणजे नजर तिथून निघून मागच्या डोंगरांपर्यंत जाते. आमच्याकडे ही जागा दाजींसाठी कायमची राखीव आहे.

महाबळेश्वरला मुंबई पॉइंटवर सूर्यास्त बघायचं ठरलं, तेव्हा मी बजावलं होतं, चारला निघू. दुपारचं ऊन डोंगर सपाट करून टाकतं. तिरपं ऊन आलं की एकेक घळ, एकेक सोंड उठून दिसते. "ऊन ते ऊन, त्यात तिरपं नि सरळ काय?" म्हणत ताईने चहा टाकला. चहामागून भजी आली. भज्यांमागून दाजींची वामकुक्षी.

तरी पोचलो तेव्हा सूर्य टेकायचा होता. समोर सह्याद्रीच्या रांगा: जवळची काळपट, तिच्यामागची निळी, तिच्यामागची राखाडी, आणि शेवटची तर आहे की भास आहे, इतकी फिकी. मधली हवा, धूळ, बाष्प दूरच्या डोंगरांचा रंग खात जातात, म्हणून तर अंतर कळतं. मी ट्रायपॉड रोवला. फोटो दाणेदार येऊ नये म्हणून आयएसओ १००, जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट यावं म्हणून अ‍ॅपर्चर (भिंगाचं छिद्र) एफ ११. बोटाचा धक्का नको म्हणून २ सेकंदांचा टायमर. तेवढ्या वेळात दाजी कणीस सोलत चौकटीत आले.

"दाजी, जरा बाजूला व्हा ना."

"अरे, माणूसच नसेल तर तुझ्या फोटोत आणि वाण्याच्या कॅलेंडरात फरक काय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ताईकडे सूचना होती. "फ्लॅश मार रे, ह्यांचं तोंड काळं येतंय."

सूर्य बुडाला आणि गर्दी पार्किंगकडे पळाली. लोक नेमके इथेच फसतात! खरा खेळ त्यानंतर असतो. सूर्य क्षितिजाखाली गेला की ढगांना खालून रंग चढतो. केशरी, मग गुलाबी, मग जांभळा. ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला तो उचलला नाही. मी ढिम्म. शेवटी मला न्यायला दाजी आले आणि कठड्यापाशी, आकाशाच्या बरोब्बर मध्ये, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मी बटण दाबलं. खरं सांगतो, त्या सहलीतला तोच एक फोटो जमला.

रात्री तो घरच्या ग्रुपवर टाकला. ताईचा मेसेज लगेच आला: "छान. जरा उजेड वाढवून पाठव, ह्यांनी नवा शर्ट घातला होता."