दाखल्यापुरते गरीब

पालकहो, बारावीचा निकाल लागला, सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले, शेजाऱ्यांकडे पेढे पोहोचले, आणि आता सरकारी शिष्यवृत्ती गुणवत्तेवर मिळावी की कुटुंबाच्या उत्पन्नावर, हा दरवर्षीचा प्रश्न आपल्या दिवाणखान्यातही चर्चेला आला असेल. एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिष्यवृत्तीच्या टेबलामागे मी २१ वर्षे बसलो आहे, आणि तेवढ्याच अधिकाराने आपणांस सुचवतो की आपण या वादात मुळीच पडू नये. ज्यांच्याकडे नुसती हुशारी आहे किंवा नुसती गरिबी आहे, त्या बिचाऱ्यांनी तो घालत बसावा. आपल्याकडे पैसा आहे, आणि पैसा असला म्हणजे या दोन्ही गोष्टी घरी आणता येतात. क्रम मात्र चुकता कामा नये. आधी गरिबी आणावी, कारण ती स्वस्त पडते. हुशारीला दोन वर्षे आणि काही लाख लागतात.

सरकारच्या लेखी गरिबी म्हणजे तहसीलदारांच्या सहीचा उत्पन्नाचा दाखला. आपण पगारदार असाल, तर मला आपली मनापासून कीव येते, कारण पगारदाराचा पगार कागदावर आधी येतो आणि हातात नंतर पडतो, आणि फॉर्म १६ नावाच्या त्या चोपड्या कागदावर एक रुपयाही लपवता येत नाही. पण आपले दुकान असेल, गोदाम भाड्याने दिलेले असेल, दोन टिपर आणि एक जेसीबी असेल, किंवा कालव्याच्या पाण्यावर चौदा एकर ऊस असेल, तर गरिबी आपल्यापासून अवघ्या एका फेरीवर आहे. सेतू केंद्रात जावे, अर्जाला स्वयंघोषणापत्र जोडावे, आणि उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहायचे हे संगणकावर बसलेल्या मुलाला विचारावे. तो आपल्याकडे न बघताच ‘कोणत्या योजनेसाठी पाहिजे?’ असे विचारील. या प्रश्नाने दचकू नये. शिंपी माप घेण्याआधी सदरा की बंडी हे विचारतोच.

सातबारा मात्र आदल्या वर्षीच नीट लावून ठेवावा. चौदा एकरांपैकी पाच आजीच्या नावे, चार सौभाग्यवतींच्या नावे आणि तीन धाकट्या भावाच्या नावे असली, की आपण दोन एकरांचे अल्पभूधारक उरता. शिधापत्रिका विभक्त करून घ्यावी. एकाच वाड्यात, एकाच चुलीवर तीन विभक्त कुटुंबे जेवतात हे पाहून कोणी हसले, तर त्याला एकत्र कुटुंबपद्धतीच्या ऱ्हासाविषयी दोन शब्द सांगावेत. चौकशीला कोणी येण्याची शक्यता फारशी नाही, पण आलेच, तर चारचाकी दोन गल्ल्या सोडून लावावी आणि अंगणातल्या दुचाकीवर गोणपाट टाकावे.

आता कोणत्या मापाची गरिबी घ्यायची, हे आपल्या प्रवर्गाप्रमाणे ठरते, आणि येथे सरकारचे औदार्य खरोखर पाहण्यासारखे आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी जी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्नमर्यादा २०१३ पासून अडीच लाखांवर बसून आहे. इतर मागासवर्गीयांसाठी क्रीमी लेयरची, म्हणजे जिच्यापुढे माणूस सवलतीला मुकतो ती, मर्यादा १९९३ साली एक लाख होती, ती चढत चढत २०१७ मध्ये आठ लाखांवर गेली, आणि त्या हिशेबात पगार व शेतीचे उत्पन्न धरायचे नाही, अशी तजवीज १९९३ पासूनच आहे. शेतीत ऊस होतो, द्राक्षे होतात, कांदा होतो. उत्पन्न तेवढे होत नाही. २०१९ मध्ये आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी आरक्षण आले, तेव्हा त्याचीही मर्यादा आठ लाखच ठरली, आणि दुर्बळाला पाच एकरांच्या आत शेती व हजार चौरस फुटांच्या आत सदनिका बाळगण्याची मुभा मिळाली. महिन्याला ६६,६६६ रुपये मिळवणारा दुर्बळ आणि महिन्याला २०,८३३ रुपयांच्या पुढे गेला की सधन, असे दोन नागरिक एकाच राज्यात, कधीकधी एकाच वर्गातल्या एकाच बाकावर बसतात. त्यांपैकी कोण कोणत्या टोकाला बसतो, हे सुज्ञास सांगणे न लगे.

गरिबीची व्यवस्था लागल्यावर हुशारीकडे वळावे. गुणवत्तेला जात नसते, धर्म नसतो, उत्पन्न नसते, असे आपण गणेशोत्सवाच्या बक्षीस समारंभात ऐकले असेलच. तिला फक्त फी असते. मुलाला दहावी होताच लातूरला किंवा कोट्याला धाडावे, तेवढे लांब नको असेल तर जिल्ह्याच्या गावी ‘इंटिग्रेटेड’ नावाची सोय आहे, जिच्यात मुलाचे नाव एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या हजेरीपटावर असते आणि मूल दुसऱ्याच इमारतीत वातानुकूलित खोलीत सकाळपासून रात्रीपर्यंत प्रश्नसंच सोडवत असते. हजेरीपटावरच्या महाविद्यालयातील प्रयोगशाळा त्याने एकदा, प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी, पाहिली तरी पुरे. दोन वर्षांनी त्याला ९८ पर्सेंटाइल मिळतील. तालुक्याच्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या शिक्षकाची जागा तीन वर्षे रिकामी होती, तेथल्या मुलीला ८८ मिळतील. आता आपण छातीवर हात ठेवून म्हणावे की, शेवटी हुशारी ती हुशारीच, दहा पर्सेंटाइलचा फरक काही थोडाथोडका नाही. तो थोडाथोडका नाहीच. किती लाखांचा आहे, ते आपल्या पासबुकात नोंदलेले आहे.

अशा हुशारीचा मोबदलाही चांगला मिळतो. बारावीला आपल्या मंडळातील वरच्या एक टक्क्यात येऊन जो मूलभूत विज्ञानाची पदवी घेतो, त्याच्यासाठी केंद्राच्या ‘इन्स्पायर’ योजनेत वर्षाला ८०,००० रुपये आहेत, आणि वडील काय करतात असा असभ्य प्रश्न ती योजना विचारत नाही. केंद्राचीच महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी दुसरी एक योजना आहे, तिच्यात बारावीला वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये यावे लागते आणि शिवाय घरचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असल्याचे सिद्ध करावे लागते. एवढे दोन्ही करून दाखवले की पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. नुसत्या हुशाराला ऐंशी हजार आणि गरीब हुशाराला बारा हजार, हे गणित प्रथमदर्शनी उलटे वाटेल, पण सवय नसलेल्या हातात एकदम मोठी रक्कम पडू नये ही त्यामागची काळजी आपण समजून घ्यावी. परदेशी जाणाऱ्यांच्या शिष्यवृत्तीतही गुणवत्तेचा असाच मान राखलेला होता. जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या शंभर विद्यापीठांत प्रवेश मिळाला तर उत्पन्नाची अट नाही, असा राज्याचा नियम होता, आणि २०१७ च्या यादीत मंत्र्यांच्या व वरिष्ठ सनदी अधिकाऱ्यांच्या मुलांची नावे निघाली, तेव्हा लोकांनी उगाच बोभाटा केला. नियमाबाहेर तेथे काहीच घडले नव्हते. दुखणे होते ते नियमातच, पण तेवढे बारकाईने वाचतो कोण.

गुणवत्ता आणि उत्पन्न यांचा संगम करण्याचा एक सुंदर प्रयत्न आपल्याच राज्यात झाला होता. २०१६ मध्ये खुल्या प्रवर्गासाठीच्या शुल्क सवलतीची मर्यादा वाढवताना असे ठरले की, अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर गुणांची अट नाही, आणि त्यापुढे सहा लाखांपर्यंत असेल तर किमान ६० टक्के गुण हवेत. त्या हंगामात माझ्या टेबलासमोर फार मौजेचा देखावा असे. ५८ टक्क्यांची मुले एका आठवड्यात गरीब होऊन परत येत. उत्पन्न वाढवून गुण वाढत नाहीत, पण गुण कमी पडले तर उत्पन्न कमी करता येते, हा शोध त्यांच्या वडिलांनी कोणत्याही क्लासला न जाता लावला होता.

आपले मन तरीही खात असेल, तर परंपरेकडे पाहावे. पेशवाईत दर श्रावणात पुण्याला दक्षिणा वाटली जाई. शास्त्री-पंडितांची परीक्षा होऊन विद्वत्तेप्रमाणे रकमा ठरत, आणि उरलेल्या ब्रह्मवृंदाला पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाच्या आवारात वाटप होई. परीक्षा काटेकोर असे, यात शंका नाही. मांडवात यायचे कोणी, एवढेच काय ते जन्माच्या वेळी ठरलेले असे. इंग्रजांनी ती रक्कम बंद न करता तिच्यातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. पुढे १८४९ मध्ये काही सुधारकांनी अर्ज केला की, या पैशातून मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्या कोणत्याही जातीच्या माणसाला बक्षिसे द्यावीत, तर शहरात एवढे रण माजले की अर्जदारांच्या पाठीशी जोतीराव फुल्यांना माणसे उभी करावी लागली. तेव्हाही सनातन्यांची तक्रार आपल्या हक्काचा पैसा दुसऱ्यांकडे जाईल हीच होती. आपण जेव्हा सायंकाळी चहा घेता घेता ‘आमच्या करांच्या पैशावर’ असे वाक्य सुरू करता, तेव्हा आपल्यामागे केवढा इतिहास उभा असतो, याची आपल्याला कल्पना नसेल.

अर्ज भरल्यानंतर मात्र धीर धरावा. पोर्टल उघडत नाही, उघडले तर आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येत नाही, आला तर दाखल्याची फाइल ठरल्या आकारापेक्षा मोठी निघते. अर्ज माझ्या लॉगिनला येतो, तेथून प्राचार्यांच्या लॉगिनला, तेथून जिल्ह्याच्या कार्यालयात, आणि तेथून एका शब्दाच्या शेऱ्यासह विद्यार्थ्याकडे परत. पैसे कधी पुढच्या वर्षी येतात, कधी मुलगा उत्तीर्ण होऊन गेल्यावर. आपणांस त्याचे काही वाटण्याचे कारण नाही. आलेली रक्कम मुलाच्या नव्या फोनच्या हप्त्यांना उपयोगी पडेल, आणि आली नाही तरी फोन आलेलाच आहे. खोलीमालकाला मात्र पोर्टलचे वेळापत्रक मान्य नसते, हे मी इतर मुलांच्या अनुभवावरून सांगतो.

त्या इतर मुलांपैकी एकीचे वडील गेल्या आठवड्यात माझ्याकडे आले होते. ते एका सूतगिरणीत रखवालदार आहेत. रात्रपाळी संपवून ते थेट आले होते, गणवेशाच्या बाह्यांवर कापसाचे तंतू होते, आणि हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बारा महिन्यांच्या पगारपावत्या तारखेप्रमाणे लावून सुतळीने बांधलेल्या होत्या. पगार महिन्याला १७,६००, म्हणजे वर्षाला २,११,२००. मुलगी अभियांत्रिकीला, वसतिगृहात. तिच्या मेसचे पैसे भागावेत म्हणून त्यांनी वर्षभर मिळेल तेव्हा डबल ड्यूटी केली, त्याचे ४२,४८० रुपये पावत्यांवर आले, आणि एकूण बेरीज २,५३,६८० झाली. अडीच लाखांच्या मर्यादेपेक्षा ते ३,६८० रुपयांनी श्रीमंत झाले होते. फी फ्रीशिप नावाच्या शुल्कमाफीतून सुटली, परंतु वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला मिळणारा वर्षाचा १३,५०० रुपयांचा निर्वाह भत्ता गेला. मी त्यांना हे दोनदा समजावून सांगितले. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, ‘म्हणजे साहेब, मी झोपलो असतो तर पोरीला पैसे मिळाले असते.’ मी कोणत्याही नियमपुस्तकात याचे उत्तर वाचलेले नसल्यामुळे दाखल्यावरचा शिक्का पुसट आहे का, ते पाहू लागलो.

निघताना त्यांनी एवढेच विचारले की, पुढच्या वर्षी डबल ड्यूटी घेतली नाही तर जमेल का, आणि घेतलीच तर ती पावतीवर न येता दुसऱ्या कोणाच्या नावावर दाखवता येते का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी दिले. दुसरा आपल्या अनुभवाच्या कक्षेतला आहे, म्हणून मी त्यांना आपले नाव आणि पत्ता लिहून दिला आहे. एखाद्या रविवारी सकाळी ते एसटीने येतील. गाडी त्या दिवशी अंगणात राहिली तरी चालेल. ते चौकशीला येत नाहीत.