झपकन की भगभग?

आईला ७५ पूर्ण होणार म्हणून तिचा एक झकास फोटो काढायचं ठरलं आणि नौपाड्यातल्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीचा स्टुडिओ झाला. म्हणजे पलंग भिंतीला उभा केला आणि मागे इस्त्रीची चादर टांगली. आई आमसुली पैठणी नेसून स्टुलावर बसली. म्हणाली, "नीट काढ हो. पुढे हार घालायला हाच लागेल." मॉडेल तयार होतं. अडलं होतं ते उजेडावर. सतत जळणारा दिवा लावायचा की फ्लॅश मारायचा?

"तलावपाळीवर ने संध्याकाळी, उजेड फुकट आहे," ही बायकोची सूचना मी तांत्रिक कारणास्तव फेटाळली. (तांत्रिक कारण म्हणजे मला सामान घ्यायचं होतं.)

लग्नांचं शूटिंग करणारा एक मित्र घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून दोन तासांनी दोन हॅलोजन घेऊन आला. "जे दिसतं तेच येतं," हा त्याचा मंत्र. खरंच आहे, नाकाची सावली कुठे पडणार ते आधीच कळतं. पण हॅलोजन विजेचा जेमतेम चिमूटभर उजेड करतो, उरलेल्याची शेगडी. त्यात मे महिना. आईचं कुंकू नाकाच्या दिशेनं निघालं. शिवाय १००० वॅटचे दोन दिवे म्हणजे साधारण पावणेनऊ अँपिअर, आणि ते मी पंखा नि फ्रिज असलेल्या लायनीवरच, ६ अँपिअरच्या बोर्डात खुपसलेले. व्हायचं तेच झालं. शेजारच्या काकांनी दार उघडून विचारलं, "तुमच्याकडे पण गेली का?" गेली नव्हती, आम्ही घालवली होती.

मग ६० वॅटचा स्वस्तातला एलईडी आणला. थंडगार. पण त्याच्या उजेडात पैठणीचा आमसुली रंग शिळ्या चिंचेवर गेला. कॅमेऱ्याचं शटर १/६० सेकंद उघडं ठेवावं लागलं आणि तेवढ्या वेळात आईचं अर्धं वाक्य होतं, त्यामुळे ओठ सगळे हललेले. वर दिवा डोळ्यांत जातो म्हणून ती अशी बघायची, जणू समोर महावितरणचं बिल धरलंय.

शेवटी फ्लॅश. २०० वॅट-सेकंदांचा. इथे मी बायकोला हिशेब समजावला: ६० वॅटचा दिवा १/६० सेकंदात फक्त १ वॅट-सेकंद वीज घेतो, हा पठ्ठ्या २०० एका झपक्यात ओततो. ती म्हणाली, "आणि पैसे?" त्याचा झपका मी सांगितला नाही.

हौसेनं शटर १/५०० केलं, तर फोटोवर काळा पट्टा. "ग्रहण लागलं का रे?" आईनं विचारलं. माझ्या कॅमेऱ्याचं शटर १/२५० पर्यंतच एका वेळी पूर्ण उघडं असतं. त्याहून वेगात फ्लॅश पडताना शटरचाच पडदा वाटेत येतो. ते सुधारलं तर आईचे डोळे मिटलेले. पंधरा फोटो, पंधरा समाध्या. मोठ्या झपक्याआधी अंदाज घ्यायला एक छोटा झपका पडतो आणि आईच्या पापण्या तेवढ्यात काम उरकतात, हे उमगायला माझा रविवार गेला. फ्लॅश मॅन्युअलवर टाकला, म्हणजे तो छोटा झपका बंद. सोळाव्या फोटोत आई लख्ख उघड्या डोळ्यांनी, पैठणीचा मोर न् मोर मोजून घ्यावा.

मी कौतुकानं लॅपटॉप तिच्यासमोर धरला. तिनं चष्मा लावला, चेहरा मोठा करून बघितला, सुरकुत्या मोजल्या असाव्यात. मग मागे जात जात एलईडीतल्या त्या हललेल्या फोटोवर थांबली.

"हा मोठा करून आण. यात मी साठीची दिसते."

"आई, तो हललाय गं!"

"हलू दे. हार घातल्यावर कुठे हलायचंय?"