फळ हवं, झाड नको? वसईच्या ताईंना उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण पहिल्या रागात जे लिहिलं असतं ते मलाच दुसऱ्या दिवशी पटलं नसतं. तुम्ही वसईच्या, नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, वयाने माझ्यापेक्षा मोठ्या आहात असं लिहिलंत, म्हणून ताई म्हणतो.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. माझ्या चुलतभावाने पंधरा वर्षांपूर्वी बागेतला गडगा, म्हणजे हद्दीचा दगडी बांध, आमच्या बाजूला तीन हात सरकवला. अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर मी दावा लावला, तो अजून चालू आहे. यंदा फेब्रुवारीत एका रात्री भावाच्या छातीत दुखायला लागलं. मुलगा मुंबईला, आणि वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या वाडीत त्या वेळी गाडी माझीच होती. मी त्याला गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात नेलं. मी देव मानत नाही. पण कुणी मैलभर चालायची सक्ती केली तर त्याच्याबरोबर दोन मैल जा, हे येशूचं सांगणं त्या रात्री डोक्यात होतं, आणि न मानणाऱ्यानेही असं जगावं असं मी लेखात म्हटलं.

तुमचं म्हणणं असं: मला फळ, म्हणजे येशूची शिकवण, हवंय; झाड, म्हणजे त्याच्यावरची श्रद्धा, नकोय. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर त्याची शिकवण म्हणजे चांगल्या भावनांची पुडी, आणि बायबलात करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात संत पौलानेच तसं स्पष्ट म्हटलंय. शिवाय मी सोयीचं तेवढं उचललं.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते खरं आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, दोन मैलांच्या आधी काय आहे ते मला ठाऊक आहे. फिर्यादीबरोबर वाटेत असतानाच समेट कर, असं तिथे आहे. कुणी कोर्टात जाऊन तुझी बंडी घेऊ पाहत असेल तर त्याला अंगरखाही दे, असंही आहे. आणि मी भावाला गाडीत घालून नेत होतो तेव्हा डॅशबोर्डच्या खणात त्याच्याविरुद्धच्या दाव्याची पुढची तारीख लिहिलेला कागद होता. लेखात ही गोष्ट मी लिहिली नव्हती, आणि ती लिहायला हवी होती.

आता झाड आणि फळ. इथे मी तुमच्याशी सहमत नाही, आणि मला हे ठामपणे म्हणायचंय. आमच्याकडे हापूसचं झाड कसं होतं? रायवळ, म्हणजे गावठी, आंब्याची कोय रुजवायची, त्या खुंटावर हापूसची काडी बांधायची. मूळ रायवळाचं, फळ हापूसचं. हापूस हे नावसुद्धा पोर्तुगीजांच्या अफोंसोवरून आलेलं, आणि आज त्याला कुणी परका म्हणत नाही. पौलानेच रोमकरांना लिहिताना रानटी जैतुनाची फांदी चांगल्या झाडावर कलम केल्याचा दाखला दिलाय. त्याने फांदी रानटी मानली, मी खुंट रानटी मानतो, एवढाच फरक. मात्र बागेत वावरणाऱ्याला आणखी एक गोष्ट माहीत असते. जोडाच्या खालून रायवळाचे फुटवे येत राहतात. ते वेळोवेळी खुडावे लागतात. दोन पावसाळे लक्ष दिलं नाही तर वरची काडी मरते आणि रायवळ उरतो. अश्रद्ध माणसाचं हेच होतं असं तुम्ही म्हणालात तर मी वाद घालणार नाही. फुटवे मला रोज दिसतात.

पण काडी धरतच नाही, हे मला मान्य नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचंच बघा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, म्हणजे आमच्याच कोकणचे. आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या माणसाने त्यांना नवा करार दिला. ते वाचत गेले, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी, म्हणजे दोन मैलांचं वाक्य जिथे आहे तिथे, आल्यावर पुस्तक त्यांना खाली ठेवता येईना. बाप्तिस्मा झाला नंतर, १८९५ साली. म्हणजे त्या शब्दांनी त्यांना धरलं तेव्हा ते ख्रिस्ती नव्हते. टिळक पुढे विश्वासापर्यंत गेले. मी गेलो नाही, बहुधा जाणारही नाही. पण पहिल्या पायरीवर आम्ही दोघंही सारखेच उभे होतो.

हा वाद आपला दोघांचा नाही, दोनशे वर्षांचा आहे. १८२० साली राममोहन रॉय यांनी कलकत्त्यात येशूची नीतिवचनं वेगळी काढून छापली, चमत्कार आणि सिद्धान्त बाजूला ठेवले. श्रीरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन त्यावर तुटून पडले, आणि राममोहन १८२३ पर्यंत त्यांना उत्तरं देत राहिले. उलट बाजूने बघाल तर ख्रिस्ती धर्माचा कडवा वैरी, जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे १८८८ मध्ये तुमच्यासारखंच बोलला: श्रद्धा सोडलीत तर त्या नीतीवरचा हक्कही सोडा. मार्शमन आणि नीत्शे एका बाकावर बसलेले बघून मला वाटतं, दोघांनीही लुकाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय बाजूला ठेवला. यरीहोच्या वाटेवर लुटलेला माणूस पडलाय. याजक जातो, लेवी, म्हणजे मंदिराचा सेवक, जातो, आणि थांबतो तो शमरोनी. ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने ज्याची उपासना चुकीची, ज्याचं मंदिर चुकीच्या डोंगरावर, तो. येशूने त्याला आधी आपली श्रद्धा बदलायला सांगितलेलं नाही. तू जाऊन तसंच कर, असं शास्त्र्याला सांगितलं. मत्तयाच्या पंचविसाव्यात तर उजवीकडे उभे केलेले लोक विचारतात, प्रभू, आम्ही तुला भुकेलेला कधी पाहिलं? त्यांना माहीतच नव्हतं. माझ्यासारख्याला उभं राहायला ती जागा पुरते.

पौलाचं तेवढं सोपं नाही. मेलेले उठत नसतील तर खाऊ, पिऊ, उद्या मरायचंच आहे, असं तो म्हणतो. माझ्या डोळ्यांसमोर समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर येतात. परलोकाचा भरवसा त्यांना नव्हता. चांगल्या पगाराच्या नोकरीची वाट बघू नकोस, मी पोटापुरत्या पैशावर समाधान मानून लोकांसाठी काम करणार आहे, असं त्यांनी आईला कळवलं होतं. पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली आणि १८९५ मध्ये वयाची एकोणचाळीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत ते गेले. त्यांना मी ख्रिस्ती म्हणत नाही, तसं म्हणणं त्यांच्यावर अन्याय होईल. पण उद्या मरायचंच आहे हे धरून चालणारा माणूस खाण्यापिण्यातच रमतो असं नाही, एवढं तरी त्यांच्याकडे बघून म्हणता येतं.

आता जिथे मी अडलोय तिथे येतो. तुम्ही लिहिलंत, तुम्ही रोज रात्री प्रभूची प्रार्थना म्हणता आणि तिच्यात ऋण सोडण्याची गोष्ट येते. ताई, गडगा सरकला तेव्हा अण्णा सत्तरीचे होते. पंचायतीतली मोठी माणसं घरी येऊन म्हणाली, जाऊ दे, भावाभावांत कशाला, सोडून द्या. अण्णांनी सोडून दिलं. त्यानंतर ते बागेच्या त्या टोकाला कधी गेले नाहीत. काजू पडून राहायचे तरी गेले नाहीत. दुसरा गाल पुढे कर, हे दुबळ्याला सांगितलं की त्याचं असं होतं. मार खाणाऱ्या बाईला, गावकुसाबाहेर ठेवलेल्याला, कर्जात बुडालेल्या रापणकर मच्छीमाराला हे कुणी सांगायला गेलं तर मी त्याच्या आड उभा राहीन. ही वाक्यं स्वतःला सांगायची आहेत. दुसऱ्याला सांगायचा हक्क पाद्र्यालाही नाही, मलाही नाही.

मग प्रश्न उरतो, अण्णांचं ऋण मी कसं सोडू? माझ्यावर झालेला अन्याय मी माफ करीन. त्यांच्यावर झालेला माफ करायचा अधिकार मला कुणी दिला? तुमच्याकडे याला उत्तर आहे. सगळ्यांच्या वतीने माफ करणारा एक आहे, असं तुम्ही मानता. माझ्याकडे तो नाही. आणि मी स्वतः चुकतो तेव्हा मला मोकळं करणारंही कुणी नाही. तुमच्या वसईत रविवारी देवळात शेजारी बसलेला माणूस तुमची चूक ओळखतो आणि तरीही तुम्हाला शांती देतो. मी इथे एकटा पुस्तक वाचत बसतो. झाड नसल्याची किंमत कुठे मोजावी लागते असं विचाराल तर ती इथे.

त्या रात्रीचं थोडं सांगायचं राहिलंय. आरोंद्याच्या पुलापर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. पूल ओलांडल्यावर तो म्हणाला, “गाडी बाजूक घे, ओकूक येता.” मी गाडी थांबवली, त्याचं डोकं धरलं. कपाळ थंडगार आणि घामाने निथळत होतं. बाटली पुढे करून विचारलं, “पाणी होया?” त्याने चूळ भरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “तू कित्याक इलंस?” का आलो, याचं उत्तर मला सुचलं नाही. मत्तय पाच, एकेचाळीस, दोन मैल, असं काही त्या वेळी तोंडातून निघत नाही. मी म्हटलं, दार नीट लाव.

तो आता बरा आहे. मे महिन्यात त्याच्या मुलाने ओल्या काजूगरांची पिशवी आणून आमच्या ओटीवर ठेवली. बायकोने उसळ केली, आम्ही ती खाल्ली. गडगा आहे तिथेच आहे. मागच्या आठवड्यात मी वकिलांना तडजोडीबद्दल विचारलं. ते म्हणाले, होईल, पण तीन हात जमीन सोडायची तुमची तयारी आहे का? तुमची प्रतिक्रिया आली ती त्याच संध्याकाळी. वकिलांना मी अजून काही सांगितलेलं नाही.