फेजर म्हणजे ‘थोडासा उशीर’ नव्हे

सांगली-मिरजेच्या कीबोर्डवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फेजरबद्दल, म्हणजे आवाजाला सरकता घुमारा देणाऱ्या इफेक्टबद्दल, एक मजकूर फिरतोय: “फेजर म्हणजे तोच आवाज काही मिलिसेकंद उशिरा मिसळणं. जितक्या स्टेज तितके खड्डे. साध्या लो-पास फिल्टरला फेजशी देणंघेणं नाही.” (स्टेज म्हणजे आवाज एकामागून एक ज्यातून जातो ते सर्किटचे टप्पे, खड्डे म्हणजे जिथं आवाज दबतो त्या फ्रिक्वेन्सी, लो-पास म्हणजे वरचे सूर कापणारा फिल्टर, आणि फेज म्हणजे लाट आपल्या चक्रात कुठं आहे ते.) तिन्ही गोष्टी चूक आहेत. गणपतीच्या तोंडावर ऑर्केस्ट्रातली पोरं असलं वाचून जास्त स्टेजच्या पेडलवर पैसे घालतात, म्हणून लिहितोय.

आधी उशिराचं. माझ्या टेबलावर ऑलपासची एक स्टेज जोडलेली आहे: एक ऑप-अँप, 10 किलोओहमचा रेझिस्टर, 0.01 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ती कुठलीच फ्रिक्वेन्सी कापत नाही, फक्त फेज सरकवते. 1592 हर्ट्झ सोडले की स्कोपवर, म्हणजे लाटा दाखवणाऱ्या यंत्रावर, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या लाटांत 90 अंशांचं अंतर दिसतं. निव्वळ उशीर असता तर दसपट फ्रिक्वेन्सीला दसपट, म्हणजे 900 अंश दिसायला हवेत. दिसतात 169 च्या आसपास. 180 ओलांडणं या स्टेजला शक्यच नाही. उशीर इथंही होतो, पण खालच्या सुरांना जास्त, वरच्यांना कमी. उशिरा आलेला आवाज मूळ आवाजात मिसळणाऱ्या फ्लँजर या दुसऱ्या इफेक्टमध्ये तो सगळ्यांना सारखा, म्हणून 1 मिलिसेकंदाला त्याचे खड्डे 500, 1500, 2500 हर्ट्झ असे समान अंतरावर पडतात.

आता खड्ड्यांची मोजदाद. फेजर सरकलेली लाट मूळ लाटेत मिसळतो. ती मूळ लाटेच्या बरोबर उलटी झाली की दोघी एकमेकींना खातात. हे 180 अंशांना होतं, मग थेट 540 ला. चार स्टेज मिळून 720 पर्यंतच पोचतात, म्हणजे खड्डे दोनच. वरच्याच किमतींच्या चार स्टेज घेतल्या तर ते 659 आणि 3842 हर्ट्झच्या जवळ पडतात. 1974 च्या एमएक्सआर कंपनीच्या फेज 90 पेडलमध्येही स्टेज चारच आहेत. तो ओळखीचा घुमारा दोन खड्डे वर-खाली सरकण्यातून येतो. अशा पेडलमध्ये मूळ आवाजाची वाट तोडून बघा. खड्डे गायब होतात, सुराचा हेलकावा तेवढा उरतो.

लो-पासचं थोडक्यात. सिंथेसायझर बनवणाऱ्या रॉबर्ट मूग यांच्या लॅडर या लो-पास फिल्टरमध्ये चार पायऱ्या आहेत. कटऑफला, म्हणजे जिथून फिल्टर कापायला लागतो त्या फ्रिक्वेन्सीला, प्रत्येक पायरी 45 अंश मागं पडते, चौघी मिळून 180. तो आवाज उलटा करून परत आत सोडला की कटऑफपाशी तो मूळ आवाजाच्या जोडीनं पडतो. तिथं पातळी चौथाईवर आलेली असते, त्यामुळं परतीचा आवाज चौपट केला की फिल्टर आपोआप शिट्टी घालायला लागतो. हा परतीचा आवाज वाढवणारं रेझोनन्सचं नॉब शेवटाला नेल्यावर कीबोर्डला हात न लावता ऐकू येते ती हीच.