तबकडी आपोआप टिकत नाही, हेच तर कथानक आहे

महोदय,

टेरी प्रॅचेट यांच्या ‘स्ट्राटा’ या १९८१ सालच्या विनोदी विज्ञान कादंबरीवर मी लिहिलेल्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया वाचली. तीत चार आक्षेप आहेत. कोणीतरी बांधलेल्या, तबकडीसारख्या सपाट जगाची कथा ही विज्ञानकथा नव्हे, हा पहिला, ती लॅरी निव्हन यांच्या ‘रिंगवर्ल्ड’ची नक्कल आहे, हा दुसरा, विनोद बालिश आहे, हा तिसरा, आणि मी शेवट फोडला, हा चौथा. या चारांना एका परिच्छेदात उत्तर देता आले असते. परंतु पहिल्या आक्षेपाला आपण एक वाक्य जोडले आहे: “लेखकाने आधी शाळेचे भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडावे.” मतभेद कितीही तीव्र असला, तरी समोरच्याने शाळाच पाहिलेली नाही असे गृहीत धरून बोलण्याची ही तऱ्हा मला वादापेक्षा दटावणीची वाटते, आणि दटावणी ऐकून घेण्याचे माझे वय केव्हाच उलटून गेले आहे.

शेवटाविषयीचा आपला मुद्दा तेवढा मान्य करतो. लेखाच्या आरंभी तशी सूचना द्यायला हवी होती; ती आता दिली आहे.

राहिले भौतिकशास्त्राचे पुस्तक. तो विषय मी निवृत्त होईपर्यंत शिकवत आलो आहे, त्यामुळे ते पुस्तक उघडावे लागण्याची वेळ माझ्यावर फारशी आली नाही, कारण ते बहुधा टेबलावर उघडेच असे. तबकडीसारख्या जगाच्या मध्याशी गुरुत्वाकर्षण सरळ खाली ओढते, पण कडेकडे जावे तसतशी ती ओढ तिरकी होऊन मध्याकडे झुकते. म्हणजे कडेला उभ्या असलेल्या माणसाला सपाट जमीनसुद्धा चढणीसारखी भासेल आणि समुद्राचे पाणी कडेवरून सांडण्याऐवजी मध्यभागी गोळा होईल. शिवाय काही शेकडो किलोमीटरहून मोठा झालेला दगडी गोळा स्वतःच्या वजनाने गोलच होत जातो, म्हणून निसर्गात असे सपाट जग मिळणे शक्य नाही. हे सारे आपण न सांगताही मला ठाऊक होते. प्रॅचेट यांनाही ठाऊक होते, आणि आपण नेमके हेच लक्षात घेतलेले नाही.

कादंबरीची नायिका किन अराड हिचा व्यवसाय ग्रह बांधण्याचा आहे. दोनशेहून अधिक वर्षे जगलेली ही बाई एका कंपनीसाठी गोल, पक्के, स्वतःच्या वजनावर स्वतः टिकणारे ग्रह तयार करते. त्यांच्या खडकांत थर रचते, त्या थरांत जीवाश्म पेरते. तिच्या हाताखालचा एक कामगार गंमत म्हणून अणुचाचण्यांविरोधी फलक धरलेला प्राचीन सरपटणारा प्राणी खडकात दडवू पाहतो, तेव्हा ती रागावते, कारण खोट्या इतिहासातही शिस्त हवी असे तिचे मत आहे. (फिलिप गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने १८५७ साली एका ग्रंथात गंभीरपणे असे प्रतिपादन केले होते की पृथ्वी निर्माण झाली तीच जुनी दिसेल अशी, जीवाश्मांसकट. त्याची तेव्हा बरीच थट्टा झाली. प्रॅचेट यांनी तीच कल्पना ठेकेदारीच्या धंद्यात आणून बसवली.) अशा बाईला जेव्हा कोणीतरी बांधलेली तबकडी दिसते, तेव्हा तिला पडणारा प्रश्न ‘हे शक्य आहे का’ हा नसतो. ‘हे कोणी बांधले, आणि याची देखभाल कोण करते’ हा तिचा प्रश्न असतो, आणि तो व्यावसायिकाचा प्रश्न आहे.

म्हणून त्या जगात कडेवरून धबधब्यासारखे कोसळणारे पाणी आहे, पण ते परत आणणारी यंत्रेही आहेत. सूर्य आणि तारे आहेत, पण तेही तयार केलेले. पश्चिमेकडे निघालेल्या नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या, दर्यावर्द्यांना तिकडे अमेरिका सापडत नाही, कारण ती बांधलेलीच नाही. आणि सारी यंत्रणा आता जुनी होऊन मोडकळीस आली आहे. सपाट जग आपोआप टिकत नाही ही गोष्ट लेखकाच्या नजरेतून निसटलेली नाही. तिच्यावरच कथानक उभे आहे. गोल ग्रह बांधून झाला की आपला आपण फिरत राहतो, तबकडीला मात्र कायमचा कारागीर लागतो. हा फरक ज्या कादंबरीचा कणा आहे, तिला अवैज्ञानिक म्हणणे म्हणजे घड्याळ बंद पडल्याच्या गोष्टीत घड्याळ चालत नाही अशी तक्रार करण्यासारखे आहे.

आता आपण ज्या पुस्तकाला ‘खरी विज्ञानकथा’ म्हणता त्याविषयी. ‘रिंगवर्ल्ड’ (१९७०) मी विद्यार्थी असताना वाचले, पुन्हा पुन्हा वाचले, आणि त्याला मिळालेले ह्यूगो व नेब्युला हे विज्ञानकथांचे दोन्ही सन्मान योग्यच होते असे आजही मानतो. परंतु त्यातले ताऱ्याभोवती बांधलेले अवाढव्य कडे, म्हणजेच ते कृत्रिम जग, मुळात अस्थिर आहे. अखंड, एकसारखे कडे मध्यातून जरासे सरकले की पुन्हा जागेवर येत नाही. शनीच्या कड्यांबाबत भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, ही कडी घन असूच शकत नाहीत, ती सुट्या कणांचीच असली पाहिजेत, असे गणिताने दाखवून दिले होते. १९७१ सालच्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात तंत्रशास्त्राचे विद्यार्थी ‘रिंगवर्ल्ड अस्थिर आहे’ अशी घोषणा देत फिरत होते, आणि निव्हन यांनी पुढच्या भागात त्या कड्याला जागेवर ठेवणारी इंजिने बसवून त्याची दुरुस्ती केली. म्हणजे आपल्या आवडत्या पुस्तकालाही अखेर देखभालीचे खातेच उघडावे लागले. फरक इतकाच की प्रॅचेट यांनी ते पहिल्यापासून उघडून ठेवले होते, आणि त्यावर हसण्याइतका मोकळेपणाही दाखवला होता.

‘नक्कल’ या शब्दावर वेळ घालवण्याची इच्छा नाही. दीर्घायुषी माणूस, त्याच्यासोबत दोन परग्रहवासी, अज्ञात कृत्रिम जगाकडे मोहीम: हे साम्य दडवलेले नाही, विडंबनात मूळ ओळखू यावे लागते. मात्र निव्हन यांचा परग्रहवासी लढवय्या जिथे भीतिदायक आहे, तिथे प्रॅचेट यांचा चार हातांचा मार्को स्वतःला माणूस समजतो आणि सगळ्यांवर संशय घेतो; आणि अस्वलासारखी दिसणारी सिल्व्हर, जी तिघांत सर्वांत सुसंस्कृत आहे, तिच्या अन्नाचे यंत्र बिघडले तर सोबत्यांनाच खाईल अशी धास्ती सर्वांना, तिच्यासह, वाटत असते. विनोद बालिश वाटणे हा रुचीचा प्रश्न आहे, त्यावर मी काय बोलणार.

एक गोष्ट मात्र नमूद करतो. आपल्या प्रतिक्रियेत मार्को नाही, सिल्व्हर नाही, किनचा उद्योग नाही. जे काही आहे ते पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून आणि माझ्या लेखावरून सांगता येण्यासारखे आहे. कादंबरी वाचून आपण पुन्हा लिहिलेत, तर भाषा याहून कडक असली तरी त्याला उत्तर देण्यास मी बांधलेला राहीन.