रंगात वाळू कालवून डेकची पकड परत येत नाही

शिडाच्या फायबर होड्या बाळगणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षे हातोहात फिरत आला आहे. डेकवरची खरखर झिजली, तर सँडपेपर मारावा, मग थिनरने पुसावे आणि घरातल्या ऑइल पेंटमध्ये बारीक वाळू कालवून रोलरने दोन हात द्यावेत. वाळू जितकी जास्त तितकी पकड चांगली, आणि सगळे काम एका रविवारात उरकते, असे तो सांगतो. यातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे. रात्री ओल्या डेकवर पुढचे शीड उतरवायला जाणाऱ्याचा जीव याच पृष्ठभागावर अवलंबून असतो, म्हणून ते सविस्तर खोडून काढणे मला आवश्यक वाटते.

पहिली चूक क्रमाची आहे. फायबरचा डेक साच्यातून सहज सुटावा म्हणून साच्याला मेण लावतात, आणि पुढे मालकांनी मारलेल्या पॉलिशमधले मेण व सिलिकॉन त्यावर साचत जाते. ते काढण्याआधीच सँडपेपर फिरवला, तर मेण निघण्याऐवजी कागदाने पाडलेल्या बारीक चरांत घासले जाते. म्हणून आधी साबण आणि पाणी, मग मेण विरघळवणारे सॉल्व्हंट, आणि त्यानंतरच घासकाम. सॉल्व्हंट ओल्या फडक्याने लावून ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपावे लागते, आणि फडकी सतत बदलावी लागतात. नाहीतर मेण फक्त जागा बदलते. स्वच्छ धुतलेल्या डेकवर पाण्याचे थेंब न बनता पातळ थर पसरला, की मेण गेले असे समजावे. पुष्कळदा डेकवर पकडीसाठी साच्यातूनच उमटवलेली, झिजलेली वाटणारी नक्षी जुन्या मेणाने आणि मळाने बुजलेली असते, आणि एवढ्या सफाईनेच पकड बरीच सुधारते.

सँडपेपरची दुसरी मर्यादा मी स्वतःच्या होडीवर पाहिली. ती मी जुनी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने हाच उपाय केलेला होता. डोलकाठीजवळ रंगाला नख लावले आणि बोटभर रुंद पट्टी सालीसारखी उलगडत आली. खाली शंकरपाळ्यांसारखी साच्याची नक्षी होती. तिचे उंचवटे घासलेले, पण खोबणी आरशासारख्या चकचकीत. कागद खोबणीत पोचतच नाही, तिथे पितळी तारांचा ब्रश किंवा खरखरीत पॅड लागतो. जेलकोट, म्हणजे फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर, मुळात जेमतेम अर्धा ते पाऊण मिलिमीटर असतो, त्यामुळे मशीन लावून नक्षी सपाट करण्याच्या भरात खालचे काचतंतू उघडे पडण्याचा धोका आहे.

आता वाळू. समुद्रकाठच्या वाळूत मीठ असते. ते रंगाखाली ओल खेचते आणि फोड येतात. धुतलेली वाळूही जड असल्यामुळे डब्याच्या तळाशी बसते, म्हणून सुरुवातीचा पट्टा गुळगुळीत आणि शेवटचा कानशीसारखा होतो. कणांच्या धारदार टोकांवर रंगाचा थर सर्वांत पातळ असतो, तो आधी झिजतो, आणि कण निघाला की मागे खड्डा राहतो. यासाठी मिळणारे हलके पॉलिमर कण ओल्या थरावर चाळणीने भुरभुरावेत, थर सुकल्यावर सुटे कण झाडून काढावेत आणि वर दोन हात द्यावेत.

जास्त वाळू म्हणजे जास्त पकड, हेही खरे नाही. कण फार झाले की त्यांना धरून ठेवायला रंग पुरत नाही. शिवाय अशा डेकवर गुडघे सोलवटतात, शिडाचे कापड घासते आणि मळ निघत नाही.

घरचा ऑइल पेंट उन्हात खडूसारखा भुरभुरतो. पुढे कोणी त्यावर दोन घटकांचे पॉलियुरेथेन, म्हणजे हार्डनर मिसळून लावायचा टणक रंग, मारायला गेले, तर त्यातल्या सॉल्व्हंटने खालचा थर सुरकुततो आणि सगळे खरवडावे लागते. एका माणसाची ही बचत पुढच्या मालकाला भोवते.

राहिला रविवार. रंगाआधी संपूर्ण डेक स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहायला हवा, विशेषतः कठड्याच्या खांबांच्या बुडाशी. तिथून पाणी झिरपून आतला बाल्सा या हलक्या लाकडाचा गाभा कुजला असेल, तर टणक आवाजाऐवजी बद्द आवाज येतो, आणि तो भाग दुरुस्त न करता रंगवणे म्हणजे कूज झाकणे. मुंबईत होड्या पावसाळ्यात किनाऱ्यावर येतात, म्हणून हे काम नेमके दमट हवेत करण्याचा मोह होतो. पण पॉलियुरेथेनच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेट या रसायनाची ओलाव्याशी क्रिया होऊन बुडबुडे येतात. डेकचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे दव बनू लागते त्यापेक्षा, निदान 3 अंश सेल्सियसने जास्त हवे, आणि दहिवर पडण्याआधी थर पुरेसा वाळेल अशा बेताने दुपारीच हात थांबवावा. हेच आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असल्यामुळे साधा कापडी मास्क चालत नाही, योग्य फिल्टरचा रेस्पिरेटर लागतो.

खांब आणि खुंट्यांभोवती दोन बोटे गुळगुळीत पट्टी सोडावी, म्हणजे पाणी अडत नाही. मास्किंग टेपचे कोपरे गोल कापावेत, आणि शेवटचा थर पुरता सुकण्याआधीच टेप ओढून काढावी.