आधी माउंट पाहा

लेखात नवशिक्यांसाठी हलक्या विषुववृत्तीय माउंटवरची (पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षाभोवती फिरणाऱ्या आधारावरची) ७० मिमी व्यासाची अपवर्ती, म्हणजे भिंगाची, दुर्बीण सुचवली आहे. त्याबाबत माझे मत वेगळे आहे. या माउंटचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो, आणि नागपूरचा अक्षांश सुमारे २१ अंश असल्यामुळे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम तेवढाच वर असतो, म्हणजे उत्तरेला लगतची उंच इमारत असली की गच्चीवरून तो दिसतच नाही. त्यात तिवई बारीक असेल, तर फोकसच्या चाकाला हात लावताच शनी थरथरू लागतो आणि कंप थांबेपर्यंत कडी स्पष्ट होत नाहीत.

त्यापेक्षा १५० मिमीची डॉब्सोनियन, म्हणजे जमिनीलगतच्या साध्या फिरत्या आधारावरची आरशाची दुर्बीण, घ्यावी. ती ७० मिमीच्या तुलनेत सुमारे साडेचारपट प्रकाश गोळा करते, आणि नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जिथे एकवटते तिथपर्यंतचे अंतर) १२०० मिमी असल्यास २५ मिमीच्या नेत्रिकेने (डोळा लावायच्या भिंगाने) ४८ पट वर्धन मिळते, जे चंद्रासाठी व मृगातील तेजोमेघासाठी उत्तम आहे. दुर्बिणीच्या खोक्यावरच्या ‘५२५ पट’ वर्धनाच्या अशा दाव्यांना भुलू नये. व्यासाच्या दर मिलिमीटरमागे दोन पट ही व्यवहारातली कमाल मर्यादा आहे. मात्र आरशांची जुळणी अधूनमधून तपासावी लागते आणि दीर्घ छायाचित्रणासाठी ही रचना उपयोगाची नाही.

मे महिन्यात आपल्या गच्च्या रात्री उशिरापर्यंत तापलेल्या असतात (हे नागपूरकरांना सांगायला नकोच), त्यामुळे वर चढणाऱ्या गरम हवेने प्रतिमा उकळल्यासारखी हलते. तेव्हा ग्रह मातीच्या अंगणातून पाहावेत. नळी मोटारीच्या मागच्या आसनावर मावते, आणि २०२४ साली डार्क स्काय पार्कचा (कृत्रिम प्रकाशापासून जपलेल्या गडद आकाशाच्या क्षेत्राचा) दर्जा मिळालेला पेंच व्याघ्र प्रकल्प आपल्यापासून फार दूर नाही.